रुखवतातलं विमान

आमच्या गिरणीत, काट्याच्या वरच्या फळीवर एक रिमोट ठेवलेला आहे. काळा, दोन दांड्यांचा, चांगला पोथीएवढा. दळण घेऊन आलेल्या बायका त्याच्याकडं बघून विचारतात, "काकू, एवढा मोठा रिमोट कशाचा? टीव्ही तर कुठं दिसंना." मी म्हणते, विमानाचा. मग त्या हसतात. हसू द्या. दळण व्हायला वेळ असतोच, मी सांगत बसते. पण गिरणीच्या आवाजात ओरडून ओरडून माझा घसा बसायला लागला, म्हणून म्हटलं आता एकदा लिहूनच काढावं. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचणं-लिहिणं मी रद्दीच्या पेपरांवर शिकले. तेव्हा कुठं मागचं पुढं झालं तर चालवून घ्या.

लीलाक्का माझ्या शेजारी. भूमला आमची गिरणी आणि त्यांचं घर, मध्ये एकच भिंत. मी गिरणी चालू केली की त्यांच्या फळीवरची भांडी थरथरायची, आणि त्यांनी तार तापवली की माझ्या पिठाला जळका वास लागायचा. त्यावरून आम्ही दोघी भांडत नव्हतो असं नाही. पण भांडण संपलं की चहा त्यांच्याकडं, ही रीत.

बाई उंच, सडसडीत. चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला आणि उजव्या हाताच्या बोटांवर भाजल्याचे पांढरे डाग. ते त्या तारेचे. हिटरची कॉइल सरळ करून धनुष्यासारखी ताणायची, करंट सोडायचा, तार लाल झाली की तिनं थर्माकोल कापायचा. लोणी कापल्यागत कापला जायचा. सगळ्या तालुक्याचे गणपती अक्कांच्या मखरात बसायचे. पुढं थर्माकोलची मखरं बंद झाली तशी अक्कांनी रड केली नाही. दुसऱ्या जातीचा फोम मागवला, कडक, बारीक दाण्याचा, आणि रुखवत करून द्यायला लागल्या. फोमची बैलगाडी, फोमचं जातं, फोमचं तुळजाभवानीचं देऊळ, वर कळससुद्धा. कुणी येऊन म्हणायचं, "अक्का, परवा हळद हाय, तोवर देऊळ होईल का हो?" अक्का चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "न व्हायला काय झालं?"

हे त्यांचं वाक्य. पाणी येईल का नळाला? न यायला काय झालं? माझी सून नांदंल का नीट? न नांदायला काय झालं? आणि गंमत अशी, की बहुतेक वेळा तसंच व्हायचं. झालं नाही तर अक्का ते होईपर्यंत त्याच्या मागं लागायच्या, म्हणून होत असेल.

त्यांना मूलबाळ नव्हतं. भावाची लेक सुजाता, तिचे आईबाप लवकर गेले, ती अक्कांनीच वाढवली. सुजाताचं लग्न ठरलं प्रवीणशी. मुलगा विमानदलात, विमानं दुरुस्त करायच्या कामावर. झालं, अक्कांनी ठरवलं, भाचीच्या रुखवतात विमान पाहिजे. आणि साधं प्रवासी विमान नको, लढाईचं जेट, टोकदार नाकाचं.

ते विमान मी होताना बघितलं. अंगभर मोत्यांची किनार, पंखांवर आरसे, शेपटीला गोंडे, दोन्ही बाजूंनी सोनेरी अक्षरात नवरा-नवरीची नावं. कार्यालयात रुखवत मांडलं तेव्हा बायका देवळापाशी थांबायचं सोडून विमानापाशीच थांबल्या. प्रवीणचे मित्र त्याला ओढत घेऊन आले. तो पोरगा चांगला, बोलणं गोड. त्यानं विमान उचललं, पंखांखाली दोन बोटं लावून तोललं. विमान शेपटीवर बसलं.

"आत्या," तो म्हणाला, "लई देखणं झालंय. पण हे उडायचं न्हाय. शेपूट जड हाय."

मित्र हसले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, रोजच्या कामातलं बोलला. पण अक्का हसल्या नाहीत.

"उडायला पाहिजे व्हय?"

"न्हाय न्हाय, शोभेचंच हाय की हे."

"तसं कसं? देवळाला कळस लागतो, जात्याला खुंटा लागतो. विमान म्हणल्यावर उडाया नको?" आणि त्यांनी ते विमान त्याच्या हातातून काढून काखेत मारलं. "अपुरी वस्तू मी आजवर कुणाच्या दारात पाठवली न्हाय. ही आज मिळायची न्हाय. दिवाळसणाला या, जावई. उडवून दाखवते, मग घेऊन जा."

सुजाताच्या सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या हळूच मला म्हणाल्या, "अहो, रुखवतातली वस्तू मागं ठेवत्यात व्हय कुठं? बरं दिसतंय का ते?" बरं दिसत नव्हतंच. मुलगी सासरी जाताना तिच्याबरोबर जायचं ते सगळं जायचं, त्यातलं मागं राहिलं की बायका बोलणारच. आणि बोलल्याही. सासरी काचेच्या कपाटात रुखवत मांडलं, तेव्हा सासूबाईंनी वरचा खण मोकळा ठेवला आणि येईल त्या बाईला दाखवला, "इथं विमान यायचंय." सुजातानं फोनवर हे सांगितलं तेव्हा अक्का एवढंच बोलल्या, "ठेवू दे मोकळा. जागा आवरायचा त्रास वाचला."

पण फोन ठेवल्यावर त्यांनी त्या दिवशी चहा केला नाही. मी समजले.

मग सुरू झालं. पुण्याच्या एका दुकानातून खोकी यायला लागली. एक पंखा आला, नळकांड्यात बसवलेला, मुठीएवढा. तो मागनं हवा फेकतो आणि जेट पुढं जातं. बारक्या मोटरी आल्या, शेपटीचे पडदे वरखाली करायला. बॅटरी आली. आणि हा रिमोट आला. अक्का फोनवर व्हिडिओ बघायच्या, पण आवाज बंद करून. मी म्हटलं, "अहो, तो काय सांगतोय ते तरी ऐका." त्या म्हणाल्या, "त्याचं बोलणं मला कळत न्हाय, हात कळतात. हात बघायचे."

आधी तर त्यांनी विमानाचा सगळा शृंगार उतरवला. मोती काढले, आरसे काढले, गोंडे गेले, नावंसुद्धा खरवडली. एकेक काढायचं आणि विमान घेऊन गिरणीत यायचं, काट्यावर ठेवायचं. दळणाच्या रांगेत डबे, पिशव्या आणि मध्येच एक जेट. एक बाई वैतागून म्हणाली, "अक्का, तुमचं काय गव्हाचं हाय का ज्वारीचं?" अक्का म्हणाल्या, "माझं निवडायचं चाललंय अजून." शेवटी नाकावर एक लाल टिकली तेवढी ठेवली. मी म्हटलं, तीही काढा, वजन आहे. तर म्हणाल्या, "तुझ्या काट्याला टिकली कळत न्हाय, सरू. सुजीला कळंल."

पंखा बसवला, तर आवाज नुसता घुसमटल्यासारखा यायचा आणि जोर काही लागेना. दोन-तीन दिवस अक्का कान लावून ऐकत बसल्या. एका दुपारी माझ्या गिरणीचं तोंड तुंबलं, ओलसर ज्वारी होती, आणि गिरणी कण्हायला लागली. भिंतीपलीकडून अक्कांची हाक, "सरू, काय झालं गं?" मी म्हटलं, "वरनं जाईना, अडकलंय." तशा त्या उठल्या, तार तापवली आणि विमानाच्या पोटाला सरळ भोक पाडलं. पंख्याला हवा कमी पडत होती. भोक पडलं तसा पंखा असा ओरडला की त्यांच्या फळीवरची भांडी माझ्या गिरणीशिवाय थरथरली.

शेपूट जड होती, ते जावयाचं म्हणणं खरंच होतं, आणि अक्कांनी ते कधी नाकारलं नाही. "पोरगं बरोबर बोललं," म्हणायच्या, "म्हणून तर लागलं." नाकात वजन पाहिजे होतं. काय घालावं, काय घालावं, तर त्यांनी माझ्याकडून मूठभर पीठ नेलं, घट्ट कणीक मळली आणि नाकात ठोसून बसवली. दोन बोटांवर तोलून बघितलं. नाक जरासं खाली वाकलं. "बघ," म्हणाल्या, "थोरामोठ्यांपुढं वाकतो तेवढंच. जास्त न्हाय." त्या दिवसापासून ती बोटांची सवयच लागली त्यांना. पळी, उलथनं, लाडवाचं ताट, हाताला येईल ते दोन बोटांवर तोलायच्या.

आणि ते विमान रात्री ठेवलं कुठं, तर माझ्या गिरणीत. त्यांच्या घरात जागा नव्हती.

सकाळी आम्ही रानात गेलो. ईट गावच्या रस्त्याला अक्कांचं थोडं रान आहे, सोयाबीन निघालेलं होतं. फेकायचं काम माझ्याकडं. पायल्या उचलून माझा हात तयार. मी पदर खोचला आणि पाखरावर धोंडा फेकावा तसं विमान वर भिरकावलं. ते उभंच्या उभं चढलं, आभाळात थांबलं, शेपटीवर बसल्यागत झालं आणि माझ्याच पुढ्यात येऊन आपटलं. अक्का पळत आल्या. "फेकायची रीत हाय का ही? पाखरं हाकलायला आलीस? पाहुण्यापुढं ताट सरकवतो तसं सरकवायचं. समोर, सरळ!" माझं मन खट्टू झालं. मग त्यांनी नाक उघडून बघितलं. आत कणीक नव्हती. उंदरानं रात्रीत खाऊन टाकली होती, चांगली व्यवस्थित, भिंतीला चिकटलेलीसुद्धा चाटूनपुसून.

गिरणी माझी, उंदीर माझाच म्हणायचा. आम्ही दोघी त्या ढेकळात बसून एवढ्या हसलो की रस्त्यावरची एक जीप थांबली, काही झालंय का विचारायला.

त्यानंतर मी माझ्या जुन्या तराजूचं एक बारकं पितळी वजन दिलं, ते नाकात बसलं. ते अजून तिथंच आहे.

फेकणं मला आलं. उडवणं अक्कांना आलं. राहिलं उतरवणं. चाकं त्यांनी कधीच काढून टाकली होती, आमच्या रानात चाकं काय कामाची. पोटावर उतरवायचं, तर सोयाबीनची धसकटं अशी टोकदार की दर वेळी पोट फाटून निघायचं. अक्का चिकटपट्ट्या लावून लावून वैतागल्या. आणि दिवाळी आली.

सुजाता आली, एकटीच. प्रवीणला रजा मिळाली नव्हती. दिवाळसणाला जावईच नाही, ताट मांडायचं कुणापुढं? संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. पोरगा मनापासून म्हणाला, "आत्या, फोन धरून उडवा की, मी इथनं बघतो. झालं म्हणायचं आणि सुजीबरोबर पाठवायचं."

सुजातानं आशेनं बघितलं. तिला त्या मोकळ्या खणाचा रोज जाच होता, ते मला कळत होतं. अक्कांनाही कळत होतं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "फोनमध्ये माणूससुद्धा उडतंय. तुम्ही हातात धरून सांगितलं होतं उडायचं न्हाय. तुमच्याच हातानं उडंल."

"अगं आत्या, पण सासूबाईंना काय सांगू मी?" सुजाता रडकुंडीला आली.

"सांग की अजून माझं निवडायचं चाललंय."

पोरगी रिकाम्या हातानं गेली. मला राग आला. मी बोललेसुद्धा, "अक्का, तुमच्या हट्टापायी पोरीनं किती ऐकून घ्यायचं?" त्या तार ताणत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आज दिलं तर आजचं तोंड बंद होईल. मग कपाटातनं जन्मभर ते माझ्या पोरीला म्हणत राहील, मी उडत न्हाय म्हणून." मी उठून चहा टाकला. त्यांच्याच घरात, त्यांच्याच भांड्यात.

हिवाळाभर त्यांनी उतरवण्यावर जीव लावला. आणि उपाय निघाला तो माझ्या गिरणीतूनच, हे मी मान वर करून सांगते. माझ्याकडं फाटका बारदाना ढीगभर पडलेला. अक्कांनी पोती उसवली आणि दाभण-सुतळीनं एकाला एक जोडत नेली. लांबच लांब पट्टी झाली. रानात अंथरली, कडेनं धोंडे ठेवले. विमानाच्या पोटाला गुळगुळीत चिकटपट्टी. पोत्यावर टेकलं की सरकत जायचं आणि आपसूक थांबायचं. पहिल्यांदा असं नीट उतरलं तेव्हा अक्का तिथं चालत गेल्या, विमान न उचलता नुसत्या शेजारी उकिडव्या बसून राहिल्या.

तोवर त्यांची नजर जरा कमी व्हायला लागली होती. लांब गेलं की पोट कुठलं, पाठ कुठली, कळेना. मी काळजीत. त्यांनी विमानाचं पोट लाल रंगवलं, पाठ पांढरी ठेवली. "लाल दिसलं की समजायचं, बाईसाहेब वळल्या."

पाडव्याला प्रवीण आला. सुजाता बरोबर, आणि सासूबाईही आल्या, खास बघायला म्हणून. गुढी उभारली, जेवणं झाली, ऊन उतरल्यावर आम्ही सगळे रानात गेलो. मी नेहमीसारखा पदर खोचला, तर अक्का म्हणाल्या, "तू बस सरू. जावई, तुम्ही सोडा."

प्रवीणनं विमान हातात घेतलं. पोटाचं भोक बघितलं, पडदे हलवून बघितले. हात जपून लावत होता.

"धोंड्यासारखं नको," अक्का म्हणाल्या. "ताट सरकवा."

पंखा ओरडला, त्यानं सरकवलं आणि विमान हातातून सुटलं ते आधी जरा दबलं. सासूबाईंच्या तोंडून "गं बाई!" निघालं. मग सावरलं, चढलं आणि बाभळींवरून वळून आमच्या डोक्यावरून असं गेलं, की सुजातानं पदर डोक्यावर ओढला. पांढरं, लाल, पांढरं, लाल. प्रवीण तोंड वर करून उभा. रोज एवढी विमानं ज्याच्या हाताखालून जातात असा माणूस, पण तोंड लहान पोरासारखं उघडं.

आणि तेवढ्यात घार आली. कुठून आली कळलं नाही, वरून पंख मिटून सरळ विमानावर. मी किंचाळले, "अक्का, घार!"

"दिसली," त्या म्हणाल्या. आवाज तसाच. "तिच्या गल्लीत कोण आलं म्हणून विचाराया आली."

घारीनं पंजा मारला. विमान डळमळलं, लाल पोट सगळं वर आलं, आणि मला वाटलं झालं, खण मोकळाच राहतोय. अक्कांनी पंखा बंद केला. एकदम गप्प झालं सगळं. विमान धोंड्यासारखं खाली आलं, घार वरून निघून गेली, तिला काही कळलंच नाही. मग जमिनीच्या जरा वर अक्कांनी पंखा पुन्हा लावला. विमान सरळ झालं, एक लांब वळण घेतलं, आणि बारदान्याच्या पट्टीवर टेकून खसखसत आलं ते प्रवीणच्या बुटांपाशी थांबलं.

प्रवीण पाया पडायला वाकला, तर अक्का मागं सरकल्या. "ते नंतर. आधी बघा, पुरं हाय का."

त्यानं विमान उचललं. पंखांखाली दोन बोटं लावली. नाक जरासं खाली वाकलं, तेवढंच.

"पुरं हाय, आत्या."

"मग घ्या. तुमचं हाय."

सासूबाईंनी पंखावरचा घारीचा ओरखडा बघितला आणि म्हणाल्या, "एवढं बुजवून द्या की, विहीणबाई." अक्का म्हणाल्या, "राहू द्या. वर गेलं होतं, त्याची खूण हाय ती."

आता त्या विमानाला त्या कपाटात जागा आहे. अक्का गेल्या मागच्या पावसाळ्यात, थोडक्या तापाचं निमित्त झालं. तेव्हापासून रिमोट माझ्या फळीवर आहे. शेवटी मी त्यांच्याजवळ होते, पण ते मी लिहिणार नाही. मला अक्का आठवतात त्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, भूमच्या एसटी स्टँडवरच्या.

बस लागली होती. प्रवीण आणि सासूबाई आत बसले. सुजाता खिडकीशी, विमान मांडीवर, एक पंख खिडकीच्या बाहेर. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं तिकीट काढलंय का?" सगळे हसले. सुजातानं हात बाहेर काढला, "आत्या, रिमोट दे ना. तो राहिला."

"राहिला न्हाय. ठेवलाय."

"अगं, रुखवत पुरं झालं म्हणालीस ना?"

"रुखवत विमानाचं होतं, ते दिलं. रिमोट माझा. उडवावंसं वाटलं की ये."

सुजातानं मान हलवली. सासूबाई आतून म्हणाल्या, "येईल हो, येईल. आम्हीच घेऊन येऊ." अक्का खिडकीपाशी गेल्या आणि विमानाच्या पोटात हात घालून काहीतरी जोडलं. "ही बॅटरीची पिन. गाव संपेपर्यंत काढू नको. पंख्याला हात लावायचा न्हाय."

"कशाला गं? इथनं कुठवर चालंल ते?"

"न चालायला काय झालं?"

बस हलली. स्टँडच्या तोंडाशी ती वळली तेव्हा सुजाताची खिडकी आमच्या बाजूला आली. मी हात हलवत होते. अक्कांचे दोन्ही हात रिमोटवर होते, त्यांना हलवायला हातच मोकळे नव्हते. त्यांनी अंगठ्यानं दांडी हळूच वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. आणि लांब, त्या खिडकीत, पोरीच्या मांडीवर विमानाची शेपूट हलली. वर, खाली, वर.

बस दिसेनाशी झाली. अक्का तशाच उभ्या, चष्मा घसरलेला, अंगठा दांडीवर, वर, खाली.